वुपर्टालची झुलती रेल्वे हारकोर्टची नव्हे

जर्मनीतल्या वुपर्टाल शहरात नदीवरून लटकत धावणारी रेल्वे अनेकांनी व्हिडिओत पाहिली असेल. ती १८२६ मध्ये उद्योजक फ्रीडरिश हारकोर्ट यांनीच शोधून काढली, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही.

हारकोर्ट यांनी १८२६ मध्ये एल्बरफेल्डला, म्हणजे आजच्या वुपर्टालच्याच एका भागात, एकरुळी मार्गाचा नमुना उभारला होता, एवढं खरं. पण ती पद्धत इंग्लंडच्या हेन्री पामरची, १८२१ च्या पेटंटची. खांबांवर एकच रूळ, दोन्ही बाजूंना लोंबणारी ओझी आणि जमिनीवरून ओढणारा घोडा! उद्देश कोळसा वाहण्याचा होता, प्रवासी नेण्याचा नव्हे. आजची गाडी रुळाखाली लटकते, विजेवर चालते. ती रचना कोलोनच्या ऑयगेन लांगेन यांची. १९०१ मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झाली, तेव्हा हारकोर्ट यांना जाऊन २१ वर्षं झाली होती.

मला खटकतं ते हे, की या दंतकथेखाली खरा माणूस झाकला जातो. १८१९ मध्ये त्यांनी वेटर या गावातल्या जुन्या गढीत यंत्रांचा कारखाना काढला. १८२५ मध्ये, जर्मनीत पहिली रेल्वे धावण्याच्या दहा वर्षं आधी, रेल्वेच्या बाजूने जाहीर लेख लिहिला. वेस्टफालियाच्या प्रांतिक सभेत आणि पुढे प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या संसदेत ते उदारमतवादी म्हणून बसले. स्वतः कारखानदार असूनही मुलांना कारखान्यात राबवण्यावर बंदी घाला, त्यांना शाळेत पाठवा, अशी मागणी त्यांनी लावून धरली.