लागणे (क्रियापद)

लागणे हे मराठीतले अकर्मक क्रियापद. मूळ अर्थ चिकटणे, स्पर्श होणे. संस्कृत ‘लग्’ धातूपासून ‘लग्न’ (चिकटलेला) हे विशेषण झाले, प्राकृतात त्याचे ‘लग्ग’ झाले, आणि मराठीत जोडाक्षर सुटे होऊन आधीचा स्वर लांबला: लाग. सप्त–सत्त–सात, हस्त–हत्थ–हात यांची वाटही हीच. ‘लग्न लागले’ या दोन शब्दांत म्हणूनच एकच धातू दोनदा येतो. ज्योतिषात लग्न म्हणजे त्या वेळी पूर्व क्षितिजाला लागलेली रास. तिच्यावरून मुहूर्ताला आणि मुहूर्तावरून विवाहाला ते नाव मिळाले. पुण्यातल्या कार्यालयात आजही ‘लग्न किती वाजता लागलं?’ असे विचारणाऱ्याला मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर झाला ती नेमकी वेळ हवी असते.

कोशांत या क्रियापदाचे अर्थ रकानेच्या रकाने चालतात. ते पाठ करण्यापेक्षा प्रत्येक वेळी ‘कशाला काय येऊन भिडले?’ असे विचारावे. बहुतेक अर्थ त्यातून उलगडतात. स्वारगेटला ‘महाबळेश्वरची गाडी लागली’ म्हणजे एसटी फलाटाला येऊन उभी राहिली. तीच गाडी पसरणीच्या घाटात एखाद्याला ‘लागते’, म्हणजे वळणांनी त्याला मळमळते. रस्ता सांगतानाही पुणेकर म्हणतो, ‘सिंहगड रस्त्याने निघालात की आधी राजाराम पूल लागेल, मग धायरी फाटा, पुढे खडकवासला.’ चालतो माणूस, पण वाक्यात गाव त्याला येऊन लागते. भूक, तहान, ठेच, चटका, ऊन, नजर, एखाद्याचे बोलणे: सगळे बाहेरून येते आणि माणसाला लागते. इंग्रजीतले ‘गेट’ जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘मिळवणे’ या अर्थाच्या ‘गेटा’वरून आले, तिथे माणूस भूकसुद्धा मिळवतो. दोन भाषांची ही उलटी दिशा लक्षात न घेता केलेले भाषांतर कानाला खटकते.

स्वयंपाकघरात दोन अर्थ शेजारी नांदतात. ‘आमटी खारट लागते’ यात जिभेला चव लागते. ‘दूध लागले’ यात तळाचा थर पातेल्याला चिकटून करपलेला असतो. अशा वेळी डाव तळापर्यंत घालून ढवळू नये, कारण सगळ्या दुधाला वास लागतो. वरचे दूध हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे.

शिकणाऱ्यांची खरी अडचण सहायक क्रियापद म्हणून येणाऱ्या ‘लागणे’ची असते. ‘ती पत्र लिहू लागली’ यात आरंभ आहे. लिहिणे सकर्मक असल्यामुळे पुष्कळ जण ‘तिने पत्र लिहू लागली’ म्हणतात. ते चूक आहे, कारण वाक्याची सूत्रे अकर्मक ‘लागणे’कडे असतात आणि त्याचा कर्ता ‘ने’ घेत नाही. ‘तिला पत्र लिहावे लागले’ यात सक्ती आहे. इथे कर्त्याला ‘ला’ लागतो आणि दोन्ही क्रियापदे कर्माप्रमाणे बदलतात: घर विकावे लागले, गाडी विकावी लागली, पोळ्या लाटाव्या लागल्या. ‘पोळ्या लाटावे लागले’ असे ऐकू आले तर हा दुसरा बदल राहून गेलेला असतो.

बोलीत सक्तीसाठीही ‘-आयला’ सर्रास चालते. मग ‘मी जायला लागलो’ (निघालो) आणि ‘मला जायला लागलं’ (जाणे भाग पडले) यांतला फरक मुख्यतः ‘मी’ आणि ‘मला’ यांच्यावर उभा राहतो. ही रूपे अशुद्ध म्हणून खोडण्याचे कारण नाही. वक्ता आणि श्रोता दोघांनाही अर्थ लख्ख कळतो. नकारात मात्र जपावे. ‘जावे लागत नाही’ म्हणजे गरज नाही. मनाई करायची तर ‘जाऊ नये’ असेच म्हणावे लागते.

जुन्या मराठीत ‘लागीं’ हे ‘साठी, प्रत’ या अर्थाचे शब्दयोगी होते: मजलागीं, तुजलागीं. आजच्या ‘ला’ प्रत्ययाचा उगम तिथे शोधणारे अभ्यासक आहेत, पण त्यावर एकमत नाही. लगत, लागून, लागलीच, उसाची लागण, दिवेलागण ही याच घरातली मंडळी.

शिकवताना हमखास सुटणारा एक अर्थ मदतीचा आहे. ‘आजीला भाजी निवडू लाग’ म्हणजे तिच्या शेजारी बस आणि तिच्याबरोबर निवड. ‘ती भाजी निवडू लागली’ यात नुसता आरंभ आहे; ‘ती आजीला भाजी निवडू लागली’ म्हटले की दोघी एकाच परातीपाशी बसलेल्या दिसतात.