पावकी-निमकी ते 'व्हिज्युअल लर्नर'

आमच्या बेळगावात आता एसएसएलसीची (म्हणजे दहावीची) पोरं बिनधास्त सांगतात, मी व्हिज्युअल लर्नर आहे, वाचून डोक्यात शिरत नाही, व्हिडिओच पाहिजे. हे लेबल आलं कुठनं?

आजोबांच्या पिढीत असलं काही नव्हतंच. पाढे, पावकी, निमकी, अगदी औटकीपर्यंत (म्हणजे साडेतीनचा पाढा!) रोज संध्याकाळी दिवा लागला की सगळ्यांनी मिळून म्हणायचं, आणि मध्येच कुणीतरी विचारणार, नऊ औट किती? अडकला की परत पहिल्यापासून.

आता गंमत बघा. 1885 मध्ये हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसानं निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून, स्वतःच विसरून मोजमाप काढलं. विसरणं सुरुवातीला झपाट्यानं होतं, नंतर हळूहळू, आणि एका बैठकीत रेटण्यापेक्षा दिवस सोडून उजळणी केलेली जास्त टिकते. म्हणजे आजोबांची उजळणी अगदीच अडाणी नव्हती तर.

लेबलांचा जमाना बराच नंतरचा. 1983 ला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनरनी बुद्धी एक नाही, अनेक प्रकारच्या असतात असं मांडलं (ते शिकायच्या पद्धतीबद्दल नव्हतं, पण लोकांनी दोन्हीची खिचडी केली). मग 1992 ला न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग, जे आधी शाळा तपासनीस होते, त्यांनी कॉलीन मिल्ससोबत 'वार्क' आणलं, बघून, ऐकून, वाचून-लिहून, करून असे चार प्रकार. प्रश्नावली भरा, तुमचा प्रकार कळेल. ट्रेनिंगवाल्यांना आयतंच मिळालं की.

पण 2008 मध्ये पॅशलर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी सगळा पुरावा तपासला, तर ज्याच्या त्याच्या प्रकारानं शिकवलं की जास्त येतं याला धड आधारच सापडला नाही. आवड असते, ते खरं, पण आवडतं त्यानंच जास्त येतं असं नाही. उलट 2006 च्या रोडिगर-कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात परत परत वाचणारे 5 मिनिटांनी पुढे होते, आणि आठवड्यानंतर पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. 2013 ला डनलॉस्की वगैरेंनी 10 पद्धती तपासल्या तेव्हा स्वतःची परीक्षा घेणं आणि अंतर ठेवून उजळणी, ह्या दोनच वरच्या नंबरात आल्या, हायलायटर पार खाली.

माझं सांगतो. मराठी मीडियम, कन्नड कित्तेवहीत गिरवून गिरवून हात दुखला पण वाचता काय येईना, मला वाटायचं आपल्याला भाषाच जमत नाही. मग सीबीटीवर (बेळगावचं मुख्य बसस्टँड) बसची वाट बघत बोर्ड वाचायचा नाद लागला, आधी मनात अंदाज करायचा आणि मग कंडक्टर ओरडला की बरोबर का चूक ते कळायचं. 'प'च्या खाली बारका 'प' लटकलेला बघून मी काहीतरी भलतंच जुळवत होतो, तेवढ्यात तो ओरडला निप्पाणी, निप्पाणी, आणि कन्नड जोडाक्षर त्या दिवशी डोक्यात बसलं ते बसलंच.