तुंबलेली गाळणी काय सांगते : वापरलेल्या तेलाचे इंधन आणि त्यातले बिघाड

तळणीत वापरून झालेले वनस्पती तेल घरच्या घरी गाळून डिझेल इंजिनात जाळणाऱ्यांची सर्वांत नेहमीची तक्रार गाळणी तुंबण्याची असते. पहिले काही लिटर सुरळीत उतरतात, मग धार बारीक होते, मग नुसते थेंब पडू लागतात आणि अखेर पंप रिकामाच घरघरत राहतो. अशा वेळी नवी गाळणी बसवण्याचा किंवा अधिक जोराचा पंप आणण्याचा मोह होतो. हे दोन्ही खर्च बहुधा वाया जातात, कारण बिघाड गाळणीत नसून तिच्यापर्यंत पोचलेल्या तेलात असतो.

म्हणून सर्वांत आधी गाळणीवर साचलेला थर तपासावा. त्यातला चमचाभर खरवडून घेऊन मंद आचेवर गरम करावा. तो वितळून स्वच्छ तेल झाला, तर तो गोठलेला मेद आहे. तो तडतडला आणि फेसाळला, तर त्यात पाणी आहे. काळा, रवाळ चोथा तसाच उरला, तर ते अन्नाचे कण आणि कोळसा आहेत. आणि थर न वितळता, न तडतडता डिंकासारखा चिवट राहिला, तर तेलाचेच रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे झाले आहेत. चारही दोषांनी गाळणी सारखीच तुंबत असली, तरी उपाय अगदी वेगवेगळे आहेत.

यांतले पाणी सर्वांत त्रासदायक असते. तळताना अन्नातला ओलावा आणि उष्णता मिळून तेलाच्या रेणूंचे विघटन करतात. त्यातून मुक्त मेदाम्ले तयार होतात आणि तेलाचे अर्धवट तुटलेले रेणू (ग्लिसराइड) मागे राहतात. या रेणूंचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते आणि उरलेला भाग तेलात रमतो, त्यामुळे पाण्याचे सूक्ष्म थेंब तेलात टांगल्यासारखे राहतात आणि गढूळ पायस, म्हणजे तेल-पाण्याचे न फुटणारे मिश्रण (इमल्शन), बनते. हे पायस कापडाच्या छिद्रांवर बुळबुळीत थर धरते. जे पाणी गाळणीतून निसटते, ते पुढे मेदाम्लांच्या साथीने इंधन पंपाचे धातूचे भाग गंजवते. ते ओळखण्याची साधी रीत अशी की, कोरडे पातेले सुमारे 140 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यात तेलाचे चार थेंब टाकावेत. तेल शांत पसरले तर ते कोरडे आहे. बुडबुडे उठले किंवा तडतड ऐकू आली तर नाही. मात्र पाणी उडवण्यासाठी अख्खे पिंप 100 अंशांच्या वर तापवण्याचा मार्ग धोक्याचा आहे. तळाशी साचलेल्या पाण्याची एकदम वाफ झाली की तिचे आकारमान पाण्याच्या सुमारे 1,700 पट होते आणि वरचे तापलेले तेल बाहेर उसळते.

पाणी काढण्याचे खरे काम गुरुत्वाकर्षणावर सोपवावे. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गेब्रियल स्टोक्स यांनी 1851 साली मांडलेल्या नियमानुसार द्रवात बुडणाऱ्या कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि द्रवाच्या श्यानतेच्या, म्हणजे दाटपणाच्या, व्यस्त प्रमाणात घटतो. तेल आणि पाणी यांच्या घनतेतला फरक जेमतेम 8 टक्के आहे. आकडे घालून पाहिले, तर 20 अंश तापमानाच्या तेलात 100 मायक्रॉनचा पाण्याचा थेंब दिवसाला सुमारे अर्धा मीटर खाली जातो, तर 10 मायक्रॉनचा थेंब दिवसाला अवघे पाच-सहा मिलिमीटर सरकतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून हे आकार ध्यानात यावेत. तेल 60 अंशांपर्यंत गरम केले की त्याचा दाटपणा सुमारे चौथ्या हिश्श्यावर येतो आणि निवळण्याचा वेग चौपट होतो. शिवाय उष्णतेने पायस फुटून लहान थेंब एकत्र येतात, हा फायदा वेगळाच.

येथे एक चूक वारंवार होते. तळाशी बसवलेला हीटर सतत चालू ठेवला, तर गरम तेल वर चढते, थंड तेल खाली येते आणि या अभिसरणाने बसत आलेला गाळ पुन्हा ढवळला जातो. तेल एकदा तापवून हीटर बंद करावा, पिंप गुंडाळून ठेवावे आणि त्याला काही दिवस हात लावू नये. तेल काढण्याची तोटी तळापासून बरीच वर असावी, आणि तळाला गाळ सोडण्यासाठी दुसरी तोटी असावी. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातले सर्वांत उपयोगी उपकरण म्हणजे एक जादा पिंप होय. एकात तेल निवळत असताना दुसऱ्यातले गाळता येते आणि घाई करण्याचे कारणच उरत नाही.

पंपाविषयी थोडक्यातच सांगता येईल. 40 अंशांना वनस्पती तेल डिझेलच्या सुमारे दहापट दाट असते, त्यामुळे बारीक गाळणी पंपाच्या आधी लावली तर पंपाला तेल ओढता येत नाही. ती पंपानंतर, दाबाच्या बाजूला असावी. तेलात फेस दिसत असेल, तर ओढणाऱ्या बाजूच्या एखाद्या सांध्यातून हवा शिरत आहे. तेथून तेल गळत नाही, म्हणून तो सांधा सहसा लक्षात येत नाही. फार वेगाने फिरणारा पंप पाण्याचे थेंब फोडून नवे पायस तयार करतो, म्हणून गाळ असलेले तेल ओढण्यासाठी तो वापरू नये.

चिवट डिंकाचा दोष मात्र गाळून जात नाही. असंतृप्त मेदाम्ले हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून जोडली जातात, आणि तांबे किंवा पितळ या क्रियेला उत्प्रेरक ठरते. म्हणून नळ्यांसाठी आणि टाकीसाठी हे धातू टाळावेत. तेल झाकून, अंधारात ठेवावे. याच ऑक्सिडेशनमधून उष्णता निर्माण होते. तेलात भिजलेल्या चिंध्यांचा ढीग त्यामुळे आपोआप पेट घेऊ शकतो, म्हणून त्या पाण्यात बुडवून किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवणे गरजेचे आहे.

राहिला मेद. गरम तेल 5 किंवा 1 मायक्रॉनच्या गाळणीतून झरझर उतरते आणि आपण समाधानी होतो. पण त्या तापमानाला संतृप्त, म्हणजे थंडीत लवकर गोठणारा, मेद वितळलेला असल्यामुळे तोही तेलाबरोबर पलीकडे जातो. गरम तेलात थोडे अधिक विरघळलेले पाणीही तसेच निसटते. थंडीच्या रात्री मेदाचे स्फटिक बनतात, पाणी वेगळे होते, आणि घरी न तुंबलेली गाळणी गाडीत तुंबते. त्यामुळे शेवटचे गाळणे, वेळ लागला तरी, इंजिनाला ज्या थंडीत चालायचे आहे त्याच तापमानाला करावे. गाळलेल्या तेलाची एक काचेची बाटली रात्रभर तितक्याच थंडीत ठेवून सकाळी उजेडासमोर धरावी. तळाशी पांढुरका थर दिसला, तर ते पिंप इंधनाच्या टाकीत ओतण्याऐवजी पुन्हा निवळायला लावावे.