लिंकनचे युद्धकालीन अधिकार आणि यादवी युद्धाच्या कारणांचा वाद

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन (१८०९–६५) याने यादवी युद्धात (१८६१–६५) वापरलेले अधिकार राज्यघटनेत बसत होते का, हा वाद युद्धाच्या पहिल्या महिन्यांतच पेटला आणि अजून मिटलेला नाही. युद्ध कशासाठी झाले, हा दुसरा वाद त्यातच गुंतलेला आहे. दक्षिणेकडील राज्यांची संघराज्यातून फारकत हे बंड मानले, तर ते मोडणे राष्ट्राध्यक्षाचे कर्तव्य ठरते. राज्यांचा हक्क मानला, तर तेच आक्रमण ठरते.

१२ एप्रिल १८६१ रोजी दक्षिणेच्या तोफांनी फोर्ट समटर या केंद्र सरकारच्या किल्ल्यावर मारा केला, तेव्हा काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचे, अधिवेशन चालू नव्हते. लिंकनने ते ४ जुलैला बोलावले. मधल्या काळात त्याने राज्यांच्या मिलिशियांतले, म्हणजे नागरी सैन्यदलांतले, ७५,००० सैनिक मागवले, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली आणि खडे सैन्य वाढवले. सैन्य उभारण्याचा अधिकार घटनेने काँग्रेसला दिलेला असल्याने सैन्यवाढीची बाजू सर्वांत लंगडी होती. काँग्रेसने ऑगस्टमध्ये तिला मागाहून मंजुरी दिली.

सर्वाधिक गाजला तो हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे अटकेतील माणसाला न्यायालयापुढे हजर करवून घेण्याच्या हक्काचा प्रश्न. बाल्टिमोरमध्ये जमावाने सैनिकांवर हल्ला केला, राजधानीकडे येणारी रेल्वे तुटली, आणि २७ एप्रिलला लिंकनने त्या मार्गापुरता हा हक्क तहकूब करण्याची मुभा लष्कराला दिली. मेरीलँडच्या जॉन मेरिमनला लष्कराने पकडले, तेव्हा सरन्यायाधीश रॉजर टॉनी याने हा अधिकार फक्त काँग्रेसचा असल्याचा निर्णय दिला. बंड किंवा आक्रमणाच्या वेळी तहकुबीला घटना परवानगी देते, पण ती कोणी करायची हे सांगत नाही. मात्र ते कलम काँग्रेसविषयीच्या प्रकरणात आहे. लिंकनने निर्णय मानला नाही. एक कायदा मोडू नये म्हणून बाकीचे सगळे कायदे बुडू द्यायचे का, असा त्याचा सवाल होता. कृष्णवर्णीय नागरिक होऊ शकत नाहीत असे १८५७ मध्ये ठरवणारा न्यायाधीश हाच टॉनी. त्यामुळे त्याच्याविषयी सहानुभूती वाटत नाही, तरी इथला त्याचा युक्तिवाद कच्चा नव्हता. काँग्रेसने तहकुबीचा कायदा केला तो मार्च १८६३ मध्ये.

नाकेबंदीत वेगळीच अडचण होती. लिंकन याला बंड म्हणत होता, पण नाकेबंदी हे दोन राष्ट्रांमधल्या युद्धातले हत्यार. सर्वोच्च न्यायालयाने १८६३ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ती वैध ठरवली. याच नाकेबंदीने अमेरिकी कापूस अडला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तिथला शेअरबाजार कोसळला. दिवाणी न्यायालये चालू असताना सामान्य नागरिकावर लष्करी खटला चालवता येत नाही, हे न्यायालयाने मिलिगन खटल्यात सांगितले ते १८६६ मध्ये. तोफा थंडावल्यावर धीर येणे सोपे असते.

युद्धानंतर दक्षिणेच्या नेत्यांनी ‘राज्यांचे हक्क’ हे कारण पुढे केले. त्यांची युद्धापूर्वीची कागदपत्रे निराळे सांगतात. आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे निगडित आहे, असे मिसिसिपीने फारकतीच्या जाहीरनाम्यातच लिहिले. फुटून निघालेल्या राज्यांनी स्थापलेल्या सरकारचा उपराष्ट्राध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स याने मार्च १८६१ मध्ये वांशिक विषमतेला या नव्या सरकारची कोनशिला म्हटले. शिवाय १८५० च्या कायद्यान्वये पळालेले गुलाम परत मिळवण्यासाठी याच राज्यांना उत्तरेतील राज्यांवर केंद्राची सक्ती हवी होती. आयातीवरील जकातीमुळे युद्ध झाले, हे कारणही टिकत नाही: जकात वाढवणारा वादग्रस्त मॉरिल कायदा झाला, त्याआधीच सात राज्ये बाहेर पडली होती. लिंकनला हुकूमशहा ठरवणारे विसरतात की दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यानेही हेबिअस कॉर्पस तहकूब केले. फरक इतकाच, की त्याने आधी आपल्या काँग्रेसची संमती घेतली.

मात्र उत्तर पहिल्यापासून गुलामगिरी संपवायला लढत होती, असेही नाही. ती जिथे आहे तिथे हात लावणार नाही, असे लिंकन शपथविधीच्या भाषणात म्हणाला होता. १ जानेवारी १८६३ ची गुलाममुक्तीची घोषणा त्याने सरसेनापती या नात्याने, युद्धाची गरज म्हणून केली. म्हणून ती बंडखोर प्रदेशांपुरती होती. केंटकीसारख्या निष्ठावंत राज्यातले गुलाम तिच्याबाहेर राहिले. युद्धाच्या आधारावर दिलेली मुक्ती शांततेत न्यायालयात टिकेल का, ही धास्ती लिंकनला होती. त्यासाठी त्याने गुलामगिरी रद्द करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचा आग्रह धरला. ती डिसेंबर १८६५ मध्ये अमलात आली, तेव्हा त्याची हत्या होऊन आठ महिने लोटले होते.