फ्यूजनची वीज आणि परळीचं पाणी

2015 साली परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं, ते कोळसा संपला म्हणून नव्हे. पाणीच उरलं नव्हतं. फ्यूजनच्या, म्हणजे अणूंची केंद्रकं जुळवून ऊर्जा मिळवण्याच्या, बातम्या वाचताना मराठवाड्यातल्या माणसानं ही गोष्ट ध्यानात ठेवावी. फ्यूजनची भट्टी उद्या पेटली तरी तिच्यापुढचा कारखाना परळीसारखाच असणार आहे: उष्णता, वाफ, टर्बाइन आणि ती वाफ निववायला पाणी.

भट्टीत घडतं ते असं. ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची दोन जड रूपं. साधारण 15 कोटी अंश सेल्सिअसला त्यांची केंद्रकं जुळतात, हेलियम तयार होतो आणि एक वेगवान न्यूट्रॉन सुटतो. निघालेल्या ऊर्जेचा चार पंचमांश भाग हा न्यूट्रॉन घेऊन जातो. तापलेलं इंधन चुंबकांनी कोंडून ठेवतात, पण न्यूट्रॉनवर विद्युतभार नसल्यानं चुंबक त्याला अडवू शकत नाहीत. तो थेट भिंतीत घुसतो. आपल्याला हवी असलेली उष्णता तिथेच मिळते आणि यंत्राची झीजही तिथेच होते.

विक्रमांचे आकडे आपल्या मीटरच्या युनिटात मांडून पाहावेत; एक युनिट म्हणजे 3.6 मेगाज्यूल. 5 डिसेंबर 2022 रोजी अमेरिकेच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत लेझरनं 2.05 मेगाज्यूल ऊर्जा इंधनाच्या गोळीवर सोडली आणि 3.15 मेगाज्यूल बाहेर आली. घटना ऐतिहासिक खरीच. पण 3.15 मेगाज्यूल म्हणजे एक युनिटसुद्धा भरत नाही, आणि ते लेझर चालवायला सुमारे 300 मेगाज्यूल, म्हणजे 83 युनिट वीज खर्ची पडली होती. इंग्लंडमधल्या ‘जेट’ नावाच्या फ्यूजन यंत्रानं 2023 मध्ये 0.2 मिलिग्रॅम इंधनातून 69 मेगाज्यूल काढले. 19 युनिट, तीही उष्णता, वीज नव्हे.

फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या इटर प्रकल्पात भारतासह सात भागीदार आहेत. प्लाझ्माला, म्हणजे तापून विद्युतभारित झालेल्या इंधनाच्या वायूला, 50 मेगावॉट उष्णता द्यायची आणि 500 मेगावॉट मिळवायची, हे त्याचं उद्दिष्ट. वीज मात्र तो तयार करणार नाही. ड्युटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग नव्या वेळापत्रकानुसार 2039 मध्ये सुरू व्हायचे आहेत. उशीर कशानं होतो, याचा एक नमुना पाहा. इटरच्या उष्णतारोधक पत्र्यांवर गार हेलियम खेळवणाऱ्या नळ्या जोडलेल्या होत्या. जोडाजवळ क्लोरीनचा अंश राहून गेला, त्यात नळ्या वाकवताना आणि जोडताना आलेला ताण, आणि त्यांना 2.2 मिलिमीटरपर्यंत खोल भेगा पडल्या. सुमारे 23 किलोमीटर नळ्या बदलण्याचं काम निघालं.

आमच्या मते खरा पेच इंधनाचा आहे. ‘समुद्राच्या पाण्यात अमर्याद इंधन’ हे वाक्य ड्युटेरियमपुरतं खरं आहे. एक घनमीटर पाण्यात ते सुमारे 33 ग्रॅम असतं. ट्रिटियम मात्र निसर्गात नावापुरतंच सापडतं आणि 12.3 वर्षांत निम्मं होतं. जगातला नागरी वापराचा साठा वीस-तीस किलोंच्या आसपासच, तोही बहुतांशी जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून गोळा झालेला. 1000 मेगावॉट विजेच्या केंद्राला रोज 400 ग्रॅमच्या आसपास ट्रिटियम जाळावं लागेल. वर्षाचा हिशेब 140 किलोंच्या घरात जातो.

म्हणून केंद्रानं ते स्वतःच बनवायचं. भट्टीभोवती लिथियमचं आवरण ठेवायचं, न्यूट्रॉन लिथियमवर आदळला की ट्रिटियम तयार होतं. गणित फार काठावरचं आहे: एका ट्रिटियममागे न्यूट्रॉन एकच सुटतो आणि काही न्यूट्रॉन खिडक्यांतून, आधाराच्या पोलादात वाया जातात. तूट भरायला शिसं किंवा बेरिलियम घालतात, कारण त्यांच्यावर आदळलेल्या एका न्यूट्रॉनचे दोन होऊ शकतात. शिवाय एका फेरीत थोडंच इंधन जळतं. उरलेलं पंपानं ओढून, शुद्ध करून परत आत सोडायचं, आणि तापलेल्या धातूतून ट्रिटियम झिरपून जातं तेही अडवायचं. हे पूर्ण चक्र अजून एकाही यंत्रानं चालवून दाखवलेलं नाही.

पोलादाचंही तसंच. न्यूट्रॉनच्या माऱ्यानं त्यातले अणू जागचे हलतात, आत हेलियमचे बुडबुडे धरतात आणि धातू ठिसूळ होतो. आतले भाग ठरावीक काळानं बदलावे लागणार, तेही रोबोटच्या हातांनी. तेवढे दिवस केंद्र बंद, आणि कर्जाचं व्याज चालूच.

हे ज्ञान आपल्या दारापर्यंत आलेलं आहे. गांधीनगरच्या इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्चमध्ये 1989 पासून ‘आदित्य’ टोकामॅकवर, म्हणजे चुंबकांनी प्लाझ्मा कोंडणाऱ्या यंत्रावर, काम सुरू आहे, आणि हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेची ही संस्था एक भागीदार आहे. चार-चार किलोमीटरच्या नळ्यांत निर्वात पोकळी टिकवायची, तर गळती शोधणारे आणि काटेकोर वेल्डिंग करणारे हात लागतात. फ्यूजनलाही तेच लागतात. नांदेड-संभाजीनगरच्या आयटीआय आणि अभियांत्रिकीच्या मुलांनी इकडे जरूर लक्ष द्यावं.

आता पाणी. नव्या औष्णिक केंद्रांना आपल्याकडे दर मेगावॉट-तासाला 3 घनमीटरची मर्यादा आहे. त्या हिशेबानं 1000 मेगावॉटला दिवसाला 7 कोटी 20 लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे 7,200 टँकर. फ्यूजनला धुराडं नाही, त्यामुळे काही उष्णता धुरावाटे निघून जाण्याची सोयही नाही. पाणी कमी लागेल असं मानायला आधार नाही. हवेनं थंड करणारे कंडेन्सर बसवता येतात, पण ते महाग पडतात. शिवाय मे महिन्यात हवाच 42 अंशांची असते तेव्हा टर्बाइनची वीज घटते, आणि पंखे-कूलरची मागणी नेमकी तेव्हाच सगळ्यात जास्त असते.