ओठ पुढे, आवाज मागे: बिघडणाऱ्या सिंकमागचा इतिहास

तासाभराचं व्याख्यान एका कॅमेऱ्यावर आणि आवाजासाठी वेगळ्या रेकॉर्डरवर टिपलेलं असतं. एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर दोन्ही लावायचं, सुरुवातीच्या टाळीवर आवाज जुळवायचा. पहिली दहा मिनिटं चोख जातात. पन्नासाव्या मिनिटाला मात्र वक्त्याचे ओठ मिटतात आणि शब्द मागाहून येतो. नव्या एडिटरचा हात लगेच ऑडिओ ट्रॅक सरकवायला जातो. शेवट जुळतो, पण मग सुरुवात बिघडते.

सिंकची, म्हणजे चित्र आणि आवाज जुळून असण्याची, दुखणी मुळात दोन. एकात आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत सारख्याच अंतराने पुढे किंवा मागे असतो. तो एकदा सरकवला की काम झालं. दुसऱ्यात अंतर वाढत जातं. याला ड्रिफ्ट म्हणतात आणि तो सरकवून जात नाही, कारण चित्र आणि आवाज वेगवेगळ्या घड्याळांवर चाललेले असतात. ड्रिफ्ट किती पडला यावरून तो कुठून आला हे बहुतेक वेळा ओळखता येतं. त्यासाठी ही घड्याळं एकमेकांपासून कधी आणि कशी सुटली ते माहीत असावं लागतं.

सुरुवात एडिसनच्या प्रयोगशाळेपासूनच आहे. १८९४-९५च्या सुमारास न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजला त्यांचे सहकारी डब्ल्यू. के. एल. डिक्सन एका मोठ्या कर्ण्यासमोर व्हायोलिन वाजवत उभे राहिले. आवाज मेणाच्या सिलिंडरवर गेला, चित्र फिल्मवर. दोन यंत्रं, दोन वेग, मध्ये कसलाही दुवा नाही. फिल्म उरली, सिलिंडर तुटलेल्या अवस्थेत पडून राहिला. दोन्ही पुन्हा जुळले ते थेट २००० साली, संकलक वॉल्टर मर्च यांनी संगणकावर जुळवले तेव्हा. सतरा सेकंदांच्या तुकड्याचा सिंक लागायला शंभरावर वर्षं गेली.

यंत्रांना एकत्र बांधण्याचा पहिला मोठा व्यावसायिक प्रयत्न म्हणजे वॉर्नर ब्रदर्सची व्हायटाफोन पद्धत, १९२६ची. सोळा इंची तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घ्यायची आणि फिरवणारी मोटर प्रोजेक्टरचीच असायची. म्हणजे घड्याळ एकच. फिल्मवर सुरुवातीच्या चौकटीची (फ्रेमची) खूण, तबकडीवर बाण; सुई बरोबर बाणावर ठेवायची. सुई आतून बाहेरच्या दिशेने जायची. एक तबकडी हजार फुटांच्या रिळाला, म्हणजे सुमारे अकरा मिनिटांना पुरायची. फिल्म मध्येच तुटली आणि खराब चौकटी कापाव्या लागल्या, तर तितक्याच काळ्या चौकटी मोजून जोडाव्या लागत. चार चौकटी कमी पडल्या की रिळाच्या शेवटापर्यंत आवाज चार चौकटी मागे. हा पहिल्या प्रकारचा बिघाड झाला. आज एखादी क्लिप मधूनच कापली आणि ऑडिओ लिंक तुटलेली राहिली, तर टाइमलाइनवर हेच घडतं.

सेकंदाला २४ चौकटी हा वेगही त्याच वेळी पक्का झाला. मूकपटाचा हँडल हातानं फिरवत, वेग कमी-जास्त झाला तरी डोळा सांभाळून घेई. कान सांभाळून घेत नाही. स्वर जरा वर-खाली झाला की लगेच खटकतं, म्हणून आवाजासाठी चित्राला ठरलेल्या वेगाची शिस्त लावावी लागली.

आवाज फिल्मच्याच कडेला छापण्याची पद्धत आली आणि तबकड्या गेल्या. प्रदर्शनापुरता प्रश्न मिटला, संकलकाचा मात्र वाढला. प्रोजेक्टरमध्ये चित्र जिथून दिसतं त्याच्या पुढे काही अंतरावर आवाज वाचला जातो, म्हणून ३५ मिलिमीटरच्या प्रिंटवर एखाद्या चौकटीचा आवाज सुमारे वीस चौकटी आधी छापलेला असतो. अशी फिल्म चित्र पाहून कापली, तर आवाज भलत्याच जागी तुटतो. उपाय म्हणून संकलनासाठी दोघांच्या पट्ट्या वेगळ्या ठेवल्या गेल्या. दोन्हींना सारखी छिद्रं आणि मुव्हिओला या संकलनाच्या यंत्रावर दोन्हींना ओढणारा दांडा एकच. आजच्या सॉफ्टवेअरमधली वर व्हिडिओ, खाली ऑडिओ ही मांडणी त्याच टेबलावरून आली आहे.

आपल्याकडे १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, तो टॅनार यंत्रणेवर घेतलेला होता. कॅमेरा एकच, आवाज आणि चित्र एकाच फिल्मवर. सिंक जाण्याचा प्रश्नच नव्हता, पण नंतर आवाज बदलण्याची सोयही नव्हती. स्टुडिओजवळून रेल्वे जायची, म्हणून दिग्दर्शक आर्देशिर इराणींनी बरंचसं चित्रण रात्री उशिरा गाड्या थांबल्यावर केलं. पुढच्याच वर्षी कोल्हापुरात प्रभातने 'अयोध्येचा राजा' केला. पार्श्वगायन रुळलं ते १९३५ नंतर. तोवर गाणारा कॅमेऱ्यासमोरच गायचा आणि वादक चौकटीबाहेर दडून साथ करायचे. लिपसिंक हे वेगळं कौशल्य झालं ते गाणं आधी ध्वनिमुद्रित करून सेटवर वाजवायला लागल्यावर.

दुवा खऱ्या अर्थाने तुटला तो मॅग्नेटिक टेपमुळे. टेप हलकी, स्वस्त, आवाज स्वच्छ. पण तिला छिद्रं नाहीत. ती ताणली जाते, चाकावर घसरते, बॅटरी उतरली की मंदावते. स्टेफान कुडेल्स्की यांच्या नाग्रा रेकॉर्डरवर यावर जो उपाय होता तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो. कॅमेऱ्याची मोटर आपल्या वेगाच्या प्रमाणात ५० हर्ट्झचा एक संकेत सोडायची आणि तो केबलने रेकॉर्डरकडे जाऊन आवाजासोबत टेपवर उमटायचा. टेप कशीही चालो, कॅमेरा त्या क्षणी किती वेगात होता याची नोंद तिच्यावरच असायची. स्टुडिओत छिद्रांच्या मॅग्नेटिक फिल्मवर आवाज उतरवताना हा संकेत वाचून टेपचा वेग सतत दुरुस्त केला जाई. यालाच पायलट टोन म्हणत. पुढे कॅमेरा आणि रेकॉर्डर दोघांतही क्वार्ट्झ स्फटिक आले, दोघं आपापल्या जागी पुरेसे अचूक चालू लागले आणि केबल सुटली.

हिंदी-मराठी चित्रपटांनी अनेक दशकं वेगळी वाट धरली. कॅमेऱ्यांचा घरघराट, सेटवरचा गोंगाट. म्हणून जागेवरचा आवाज फक्त मार्गदर्शक म्हणून घ्यायचा आणि सगळे संवाद नंतर डबिंग थिएटरमध्ये करायचे. दृश्याचे छोटे तुकडे लूप करून पुन्हा पुन्हा पडद्यावर फिरवत आणि नट ओठांवर शब्द बसवत. 'लगान'ने २००१ मध्ये सिंक साउंडचा, म्हणजे सेटवरच खरा आवाज टिपण्याचा, मोठा प्रयोग करून दाखवल्यावर मुख्य प्रवाह हळूहळू जागेवरच्या आवाजाकडे वळला.

दूरदर्शनने आणखी एक घड्याळ आणलं. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेला जुळणारं सेकंदाला २५ फ्रेम्सचं प्रक्षेपण. चोवीसवर घेतलेला चित्रपट पंचवीसवर चालवला की तीन तासांचा खेळ सात मिनिटं आधी संपे, स्वरही थोडा चढे. आवाज चित्रासोबतच धावे म्हणून सिंक टिकून राही. एकाचाच वेग बदलला की तासाला दोन मिनिटं चोवीस सेकंदांची फारकत. कुणाच्या फाइलमध्ये इतका प्रचंड ड्रिफ्ट दिसला, तर २४ आणि २५ची गल्लत आधी तपासावी.

अमेरिकेत गुंता अधिक सूक्ष्म झाला. १९५३ मध्ये रंगीत प्रक्षेपण जुन्या कृष्णधवल संचांवरही दिसावं म्हणून रंगाचा संकेत आवाजाच्या लहरीत अडकू नये अशी तजवीज केली आणि ३० फ्रेम्सचा वेग हजारात एक भागाने उतरवून २९.९७ केला. तेव्हा तो निर्णय शहाणपणाचाच होता. पण अमेरिकी टीव्हीचा हा आकडा आज आपल्या फोनमध्येही सापडतो. २९.९७चं चित्रण नेमकं ३० समजलं गेलं, तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो. २००८च्या कॅनन ५डी मार्क २ने हे अनेकांना शिकवलं. तो कॅमेरा नेमक्या ३० फ्रेम्सवर चित्रण करायचा, एडिटर २९.९७च्या प्रोजेक्टमध्ये काम करायचे. १२ मिनिटांच्या क्लिपचा वेग उतरवला आणि वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज तसाच राहिला, की शेवटी पाऊण सेकंदाची तफावत. मार्च २०१०च्या फर्मवेअरने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या नव्या सॉफ्टवेअरने, २४, २५ आणि २९.९७ हे पर्याय दिले.

आवाजाच्या बाजूला ४४.१ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने) हा विचित्र वाटणारा आकडाही व्हिडिओतूनच आला. सुरुवातीचा डिजिटल आवाज व्हिडिओटेपवर साठवत. प्रत्येक ओळीत तीन नमुने, २४५ ओळी गुणिले ६० किंवा २९४ ओळी गुणिले ५०, दोन्हींचं उत्तर ४४,१००. सीडीने तो घेतला आणि व्हिडिओने ४८ किलोहर्ट्झ. ४४.१चा आवाज चुकून ४८ समजून वाजवला, तर तासाचं भाषण ५५ मिनिटांत आणि चिरक्या आवाजात आटोपतं. हा बिघाड ओळखायला मोजपट्टी लागत नाही.

स्मार्टफोनचा बिघाड या सगळ्यांहून निराळा. इथे ड्रिफ्ट सरळ रेषेत वाढतच नाही. अंधार झाला की फोन प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देतो, गरम झाला की काही फ्रेम्स सोडून देतो. फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमची वेळ लिहिलेली असते, त्यामुळे प्लेअरमध्ये सगळं नीट दिसतं. काही एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र फ्रेम्स सारख्या अंतरावर आहेत असं धरून चालतात आणि आवाज कधी पुढे, कधी मागे भासतो. स्क्रीन रेकॉर्डिंगचंही हेच. फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये फ्रेम रेट बदलता दाखवत असेल, तर टाइमलाइनवर हात मारण्यात वेळ घालवू नये. आधी हँडब्रेक किंवा एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅमने फाइल स्थिर २५ किंवा ३० फ्रेम्सवर बदलून घ्यावी आणि मगच एडिटला बसावं.

आता सुरुवातीच्या व्याख्यानाकडे. कॅमेरा आणि रेकॉर्डर दोन्ही चांगले, फ्रेम रेट स्थिर, तरी तासाअखेर आवाज पाच फ्रेम्स मागे. हा स्फटिकांमधला फरक. स्वस्त स्फटिक दहा लाखांत वीस-तीस भागांनी सहज चुकतो आणि दोन उपकरणं उलट दिशांना चुकली की फरकाची बेरीज होते. सेकंदाला २५ फ्रेम्स धरल्या तर पाच फ्रेम्स म्हणजे २०० मिलिसेकंद, तासाच्या ०.००५६ टक्के. सॉफ्टवेअरच्या वेगाच्या रकान्यात ९९.९९ किंवा १००.०१ टाकलं, तर ३६० मिलिसेकंद हलतात आणि चूक उलट बाजूला जाते. म्हणून ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये लांबी नमुन्यांत सांगावी: ४८ किलोहर्ट्झला तासाचे १७ कोटी २८ लाख नमुने, त्यातून ९,६०० कमी. त्यासाठी सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे टाळी टिपलेली हवी. शेवटची टाळी घ्यायला बहुतेक जण विसरतात. ती नसेल, तर वक्ता थांबतो तिथे दर दहा-पंधरा मिनिटांनी कापून एकेक फ्रेम सरकवणं हाच मार्ग उरतो, आणि तोही चांगला चालतो.

जुळवायचं काम आता सॉफ्टवेअर आपोआप करतं. २००९ साली प्लुरलआइज आलं, दोन्ही ऑडिओंच्या लहरी ताडून क्लिप्स लावू लागलं, आणि काही वर्षांत ही सोय बहुतेक एडिटिंग प्रोग्रॅममध्येच आली. यात एक गोष्ट हमखास निसटते. कॅमेरा सभागृहात मागे, वक्त्यापासून वीस मीटरवर असेल, तर आवाज कॅमेऱ्याच्या माइकपर्यंत पोचायला सुमारे ५८ मिलिसेकंद घेतो. सॉफ्टवेअर रेकॉर्डरचा स्वच्छ आवाज याच उशिरा पोचलेल्या आवाजावर बसवतं, म्हणजे चित्रापेक्षा दीड फ्रेम मागे. प्रेक्षक मागे पडलेला आवाज पुढे धावणाऱ्या आवाजापेक्षा जास्त खपवून घेतो, कारण दूरचा आवाज उशिरा येणं त्याच्या सवयीचं आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या १९९८च्या शिफारशीत हे आकड्यांत आहे: आवाज ४५ मिलिसेकंद पुढे असला की लक्षात येतो, मागे असला तर १२५पर्यंत येत नाही. तरी जवळच्या शॉटमध्ये 'प', 'ब', 'म' या अक्षरांवर ओठ मिटताना दीड फ्रेमही जाणवते. लांबून झूम केलेल्या क्लोजअपवर आपोआप सिंक केलं असेल, तर असं एखादं अक्षर शोधून फ्रेमवर थांबावं आणि स्वच्छ आवाज एक फ्रेम आधी ओढून पाहावं.