दाताला तार धरते कशी?

पुतणीच्या दातांना तार बसवून महिनाही झाला नाही, तोच एक ब्रॅकेट दुसऱ्यांदा निघाला. ब्रॅकेट म्हणजे दातावर चिकटवलेला तो छोटा चौकोनी तुकडा, ज्यात तार अडकवतात. गावात सगळ्यांचं एकच म्हणणं, "डॉक्टरनं गोंद हलका लावला." मला शंका आली ती आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या बोअरच्या पाण्याची.

दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल. ते वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं, आणि इतकं गुळगुळीत की भारीतला गोंदही त्यावर टिकत नाही. गवंडी गुळगुळीत भिंतीवर आधी छिन्नीने खाचा पाडतो आणि मगच गिलावा करतो, तसंच इथेही करावं लागतं. लोखंडाने रंग धरावा म्हणून कारखान्यात फॉस्फोरिक आम्ल वापरत. अमेरिकेतले दंतवैद्य मायकेल ब्युनोकोर यांनी तेच दातावर लावून पाहिलं आणि १९५५ साली ते प्रसिद्ध केलं. आज साधारण ३७ टक्क्यांचं आम्ल १५ ते ३० सेकंद लावतात.

त्या अर्ध्या मिनिटात जे घडतं ते मला फार सुंदर वाटतं. इनॅमल सुमारे ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या दांड्यांचं बनलेलं असतं, आणि दांडीच्या मध्यात व कडेला स्फटिकांची दिशा वेगळी असते. आम्ल काही दिशांना लवकर विरघळवतं, काहींना सावकाश. त्यामुळे कुठे दांडीचा गाभा पोखरला जातो, कुठे कडा, आणि मधाच्या पोळ्यासारखी जाळी उरते. पातळ रेझिन, म्हणजे नंतर प्लास्टिकसारखा कडक होणारा गोंद, त्या छिद्रांत झिरपतं, निळ्या प्रकाशाने घट्ट होतं आणि हजारो मुळ्यांसारखं रुतून बसतं. गवंडी भिंतीवर पाणी मारतो, इथे मात्र लाळेचा थेंबही चालत नाही. छिद्रं तिथेच बुजतात.

"आम्लानं दात जळतो" म्हणून घाबरणारे लोक आठवडी बाजारातली 'दोन मिनिटांत पांढरे दात' करणारी बाटली मात्र बिनधास्त लावतात. तिच्यात काय आहे, किती तीव्र आहे, विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आता पाणी. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड नसावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं, असं भारतीय मानक सांगतं. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या कित्येक बोअरमध्ये ते याहून जास्त आहे. दात हिरडीखाली घडत असतानाच असं पाणी पोटात गेलं, तर इनॅमलच्या स्फटिकातल्या हायड्रॉक्सिल या घटकाची जागा फ्लोराइड घेतं. मग वरचा थर आम्लाला दाद देत नाही, जाळी उथळ पडते आणि रेझिनला रुतायला जागा मिळत नाही. अशा दातावर आम्ल जास्त वेळ ठेवतात, किंवा आधी पृष्ठभाग किंचित खरवडून घेतात.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी पुतणीला विचारलं, "लहानपणी कुठलं पाणी प्यायचीस?" ती म्हणाली, "शाळेमागच्या हापशीचं." त्या दिवशी आम्ल दुप्पट वेळ ठेवलं. दात खडूसारखा पांढरट दिसू लागल्यावरच त्यांनी रेझिन हाती घेतलं.